ट्रेडमिलचा बेल्ट अडखळून राहिला? मागच्या बोल्टला पहिले हात लावू नका

नातेवाईक, शेजारी, ऑफिसमधले लोक मिळून मागच्या दोन-तीन वर्षांत सात-आठ घरच्या ट्रेडमिल मी उघडून पाहिल्या, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच चूक दिसली, काम उलट्या क्रमाने केलेलं. चालताना बेल्ट झटका मारायला लागला की माणूस पहिले पाना घेऊन बेल्टचा ताण ठरवणारे मागचे बोल्ट आवळतो. त्याने जमलं नाही की तेल टाकतो. आणि धूळ कधी काढतो तर दिवाळीच्या सफाईत. करायचं असतं बरोब्बर उलटं. पहिले धूळ, मग तेल, आणि बोल्ट एकदम शेवटी, तेही गरज असली तरच.

याचं कारण समजून घेतलं की बाकीचं आपोआप लक्षात राहते. तुम्ही ज्याच्यावर चालता तो बेल्ट खाली एका गुळगुळीत फळीवर घासत घासत सरकत असतो, त्या फळीला डेक म्हणतात. प्रत्येक पावलाला तुमचं पूर्ण वजन बेल्टला डेकवर दाबते आणि मोटरला त्या वजनाखालून बेल्ट ओढून न्यावा लागते. मधात सिलिकॉन ऑइलचा पातळ थर असला तर ते सोपं जाते. थर वाळला की घर्षण वाढते, मोटर जास्त करंट खेचते, आणि बेल्ट अडखळतो. आता अशा वेळी तुम्ही बोल्ट आवळला तर बेल्ट अजून ताणून डेकवर बसतो, बेल्ट ज्यांच्यावर फिरतो त्या टोकांच्या रोलरच्या बेअरिंगवर जोर येतो, घर्षण अजून वाढते, आणि शेवटी मोटर नाहीतर कंट्रोलर बोर्ड, म्हंजे मोटरला वीज सोडणारं सर्किट, जाते. मी स्वतः २०२१ च्या मे महिन्यात हेच करून बोर्ड जाळलं. दोन दिवस बेल्ट झटके देत होता, मी रोज अर्धा फेरा आवळत गेलो आणि तिसऱ्या दिवशी जळका वास. मेकॅनिकने बेल्टखाली हात घातला आणि मला बोट दाखवलं, कोरडं ठण, वरून काळी भुकटी.

धुळीवरच तेल टाकलं तर? मग त्याची खळ बनते. बारीक धूळ आणि तेल मिळून पॉलिश पेपरसारखं काम करते आणि डेकच्या वरचा गुळगुळीत थर खाऊन टाकते. नागपुरात हे जास्त होते कारण आपल्याकडे धूळच तशी आहे, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकून राहिला, आणि गल्लीत कुठं ना कुठं सिमेंट रोडचं नाहीतर कोण्या प्लॉटवर बांधकामाचं काम सुरूच.

## सुरू करायच्या आधी: सामान आणि मॅन्युअल

मॅन्युअल शोधा. हरवलं असलं तर मशीनच्या पुढच्या खालच्या बाजूला स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो टाकून कंपनीच्या साइटवरून पीडीएफ काढा. त्यात तीन गोष्टी बघायच्या आहेत: तुमच्या मशीनला तेल लागते की नाही, लागत असलं तर किती मिली, आणि किती तासांनी किंवा किलोमीटरने. हे न बघता पुढं जाऊ नका, कारण काही मशीनच्या डेकवर कंपनीतूनच मेण लावलेलं असते आणि तिथं सिलिकॉन ऑइल टाकलं तर ते मेण खराब होते. काही मशीनला स्वतःची तेलाची टाकी असते, तिथं बेल्ट उचलायची गरजच नाही, टाकीच भरायची.

सामान फार नाही. शंभर टक्के सिलिकॉन ऑइल, स्पोर्ट्सच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन ट्रेडमिलचं म्हणूनच मिळते. मेडिकलमधून सुई नसलेली २० मिलीची सिरिंज, कारण बाटली दाबून अंदाजाने टाकणारा माणूस नेहमी जास्तच टाकतो. मशीनसोबत आलेली ॲलन-की, पेचकस, रंगाचा दोन इंची नवा ब्रश, टॉर्च, मऊ ब्रशचं तोंड असलेला व्हॅक्यूम क्लीनर, दोन-तीन सुती किंवा मायक्रोफायबर फडकी, आणि एक जुना सुती दुपट्टा. हो तोच, उन्हात तोंडाला बांधायचा, तो लांब असते म्हणून बेल्टखालून आरपार जाते, याच्यापेक्षा चांगली वस्तू मला अजून सापडली नाही.

आता काय वापरायचं नाही तेही ऐका, कारण बहुतेक गडबड इथंच होते. खोबरेल तेल नाही, थंडीत गोठते आणि नंतर चिकट होऊन बसते. शिलाई मशीनचं तेल नाही, गाडीचं ऑइल नाही, ग्रीस तर अजिबात नाही, पेट्रोलियमवाली कोणतीही वस्तू बेल्टच्या रबराला आणि गोंदाला खाते. डब्ल्यूडी-४० चा साधा निळा-पिवळा डबा घराघरात असते आणि लोक तोच मारतात, पण त्याच्यात सॉल्व्हंट असते, तो आधीचं तेलसुद्धा धुवून काढतो, दोन दिवस मशीन गुळगुळीत चालते आणि मग पहिल्यापेक्षा वाईट. पुसायला फिनाइल, ॲसिड, स्पिरिट, काच पुसायचा स्प्रे यातलं काहीच नको.

इशारा: कूलर सुरू असलेल्या खोलीत, कूलरच्या तोंडासमोर, हे काम करू नका. कूलर बंद करा, अर्धा तास थांबा, मग सुरुवात करा. ओलसर हवेत उघडलेली मोटर ही चांगली कल्पना नाही.

## टप्पा १: करंट पूर्ण तोडा आणि थांबा

सेफ्टी की, म्हंजे चालताना कपड्याला अडकवायची चावी, काढा, मशीनवरचं बटन बंद करा, भिंतीच्या बोर्डवरचं बटन बंद करा, आणि प्लग ओढून बाहेर काढून असा ठेवा की तुम्हाला काम करताना दिसला पाहिजे. घरात लहान पोट्टे असले तर सेफ्टी की खिशात. नुसतं बटन बंद करून भागत नाही, जुन्या घरात कधी कधी बटन न्यूट्रलवर लावलेलं असते आणि मशीनमध्ये फेज तसाच येत राहते.

प्लग काढल्यावर किमान १५ मिनिटं थांबा. आतल्या कंट्रोलर बोर्डवर मोठे कपॅसिटर असतात, ते प्लग काढल्यावरही काही वेळ चार्ज धरून ठेवतात. तेवढ्या वेळात चहा घ्या, नाहीतर खालचा टप्पा करून टाका, तो बाहेरूनच आहे.

## टप्पा २: बाहेरची सफाई, वरून खाली

वरून खाली जायचं, कारण वरची धूळ खालीच पडणार. पहिले कन्सोल, म्हंजे स्क्रीन आणि बटनांचा भाग, मग हँडल, मग उभे खांब, मग बाजूच्या पट्ट्या, सगळ्यात शेवटी मागची टोकं. पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, फडकं बुडवून इतकं घट्ट पिळा की परत पिळलं तर थेंब निघाला नाही पाहिजे. फडक्यावर लावा, मशीनवर कधीच फवारू नका. कन्सोलच्या बटनाच्या कडेतून पाणी आत गेलं की स्क्रीन आपोआप स्पीड वाढवायला लागते, आमच्या शेजारच्या काकूंकडे झालं आहे, त्या चालता चालता एकदम धावायला लागल्या, हँडल धरलं होतं म्हणून वाचल्या.

हँडलवरचे हृदयाचे ठोके मोजणारे चांदीसारखे पत्रे नीट पुसा, तिथं घामाचं मीठ साठते आणि मग आकडे काहीही येतात. घाम हाच खरा शत्रू आहे, धुळीपेक्षाही. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली २० मिनिटं चाललं तरी खांबावरून ओघळ जातात, ते वाळून खालच्या बोल्टभोवती पांढरी कड दिसते, आणि तिथूनच गंज सुरू. म्हणून रोज उतरल्यावर एक कोरडं फडकं फिरवायची सवय लावा, एवढं केलं तरी अर्धी मेंटेनन्स झाली.

बेल्टचा वरचा भाग ओलसर फडक्याने पुसायचा. एक भाग पुसला की हाताने हळूहळू बेल्ट पुढं सरकवायचा आणि दुसरा पुसायचा. हाताने जोरात फिरवू नका, बऱ्याच घरगुती मशीनची मोटर अशी बेल्टकडून फिरवली की जनरेटरसारखी वीज तयार करते आणि ती बोर्डात जाते.

तपासा: बेल्ट सरकवताना कडा बघत जा. धागे निघाले आहेत का, कुठं भेग आहे का, जोड उघडला आहे का. जोड उघडलेला असला तर इथंच थांबा, पुढचं सगळं वाया आहे, बेल्ट बदलावा लागते.

## टप्पा ३: मशीनखालची आणि मोटरची धूळ

हा टप्पा सगळे सोडतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोटर पुढच्या कव्हरखाली, जमिनीपासून चार बोटांवर बसलेली असते, आणि तिच्यावर थंड करायला पंखा असते. तो पंखा फरशीवरचीच हवा ओढते. म्हंजे तुमच्या फरशीवरची सगळी धूळ, केस, गालिच्याचे तंतू, कूलरच्या गवताचा चुरा, हे सगळं थेट मोटरवर जाते. झाडताना झाडूने जी धूळ मशीनकडे जाते तीही तिथंच.

मशीन घडी होत असलं तर दोघांनी मिळून उचलून उभं करा आणि कुलूप नीट बसल्याचा आवाज ऐका. खालची फरशी व्हॅक्यूम करा. मग मशीन परत आडवं करून पुढच्या कव्हरचे स्क्रू काढा, साधारण चार ते सहा असतात. काढायच्या आधी मोबाइलने फोटो घ्या, कोणता लांब आणि कोणता आखूड हे नंतर कोणालाच आठवत नाही.

आत टॉर्च मारा. मोटर, तिच्यापासून पुढच्या रोलरला जाणारा छोटा खाचांचा पट्टा, म्हणजे ड्राइव्ह बेल्ट, आणि बाजूला बोर्ड, एवढं दिसेल. रंगाच्या ब्रशने धूळ हळू मोकळी करा आणि व्हॅक्यूमचं तोंड एक वीतभर लांब धरून ओढून घ्या. बोर्डाला ब्रशही लावायचा नाही आणि हातही नाही, तिथं फक्त व्हॅक्यूम लांबून.

दिवाळीच्या सफाईला घरोघरी जो ब्लोअर काढतात तो इथं आणू नका. ब्लोअर धूळ काढत नाही, ती बेअरिंगमध्ये आणि मोटरच्या पोटात ढकलतो. मी एका घरी पाहिलं, ब्लोअर मारून कव्हर चकाचक, आणि मोटर सुरू केली तर घरघर घरघर, जसा काही मिक्सरमध्ये खडा पडला.

कव्हर उघडंच आहे तर वायर बघून घ्या. उंदराने कुरतडलेली वायर आणि बोर्डावर चिकटून मेलेली पाल, या दोन गोष्टी मला दोन वेगवेगळ्या घरी सापडल्या आहेत, दोन्ही ठिकाणी मालक सांगून राहिले होते की व्होल्टेजमुळे बंद पडली असन. मोटरभोवती खूप काळी बारीक पूड दिसली तर ती बहुतेक कार्बन ब्रशची, म्हंजे मोटरच्या आत घासत वीज पोचवणाऱ्या तुकड्यांची आहे, ते झिजतात आणि बदलता येतात, पण ते काम मेकॅनिकला द्या.

इशारा: पुढच्या रोलरच्या पुलीजवळ एक छोटा सेन्सर असतो, समोर पुलीवर चुंबक. दोघांमध्ये काही मिलिमीटरचंच अंतर असते. सफाईत सेन्सरला धक्का लागला आणि तो सरकला तर मशीन सुरू होऊन दोन-चार सेकंदात बंद पडते आणि स्क्रीनवर एररचा कोड येते. सफाई केल्यावर लगेच असं झालं तर बोर्ड गेलं म्हणून घाबरू नका, पहिले सेन्सर जागेवर आहे का ते बघा.

## टप्पा ४: बेल्टच्या खाली दुपट्टा

आता खरी गंमत. दुपट्ट्याची लांब सैल दोरीसारखी घडी करा, डाव्या बाजूने बेल्ट थोडा उचलून खालून उजव्या बाजूला काढा. दोन्ही टोकं दोन माणसांनी धरायची, एकटे असाल तर दोन्ही पाय दोन बाजूला ठेवून स्वतःच. आणि मग जसं पाठ पुसताना टॉवेल ओढतो तसं इकडून तिकडं ओढत हळूहळू पुढून मागं जायचं. दुपट्टा काळा होईल. दुसरी बाजू करा, परत. दुपट्टा जवळपास स्वच्छ यायला लागेपर्यंत करा, मला साधारण तीन-चार फेऱ्या लागतात.

कोरडाच दुपट्टा पाहिजे. पाणी नाही, साबण नाही. बऱ्याच मशीनचा डेक लाकडाच्या बारीक तंतूंपासून बनवलेल्या दाबलेल्या फळीचा असते, वरून पातळ थर. कडेतून पाणी मुरलं की फळी फुगते आणि फुगलेला डेक परत खाली बसत नाही.

तपासा: बेल्ट उचलून टॉर्च मारा आणि मधल्या भागावरून, जिथं पाय पडतात तिथून, बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर उत्तम. खोलगट चर, खरबरीत लाकूड, किंवा बेल्टच्या खालचं कापड काचेसारखं चमकदार झालेलं, यातलं काही दिसलं तर तेल टाकून काही दिवस निघतील पण बेल्ट किंवा डेक बदलायची वेळ आली आहे. काही डेक दोन्ही बाजूंनी वापरता येतात, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असते, तसं असलं तर पालटून घेता येते आणि नव्याचा खर्च वाचतो.

## टप्पा ५: तेल, मोजून

तेल लागते का हे पहिले बघा. बोटावर पातळ तेलकट ओल आली तर आज तेल नको, तारीख आली असली तरी नको. बोट कोरडं आलं तरच पुढं.

मॅन्युअलमध्ये जेवढे मिली लिहिले तेवढेच. बऱ्याच घरगुती मशीनला १० ते ३० मिलीच्या मधातच लागते, म्हंजे दोन ते सहा चहाचे चमचे, लोक मात्र अख्खी बाटली रिकामी करतात. आकडा सापडलाच नाही तर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिलीपासून सुरू करा, दोन दिवसांनी बोट लावून बघा, कमी वाटलं तर परत पाच. वाढवणं सोपं, काढणं अवघड.

सिरिंजमध्ये तेल भरा. डाव्या बाजूने बेल्ट उचला, हात जाईल तितका मधापर्यंत न्या, आणि पुढून मागं जात नागमोडी बारीक धार सोडा. मग उजव्या बाजूने तसंच. कडेला टाकायचं नाही, कडेला पाय पडतच नाहीत, तिथलं तेल बाहेर येऊन फरशीवर पडते आणि आई त्यावरून घसरते.

आता प्लग लावा, बाजूच्या पट्ट्यांवर उभे राहा, मशीन सगळ्यात कमी स्पीडवर सुरू करा, मग बेल्टवर या आणि ३ ते ४ च्या स्पीडवर पाच मिनिटं चाला. सरळ मधातून नाही, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे पाय टाकत, म्हंजे तेल पसरते.

इशारा: तेल टाकून लगेच ८-१० च्या स्पीडवर धावू नका, आणि लगेच घडी करून उभं करूनही ठेवू नका. पसरायच्या आधी उभं केलं तर तेल सगळं एका टोकाला उतरते आणि रोलरवर जाऊन बसते, मग बेल्ट घसरायला लागते.

जास्त तेल झालंच तर? दुपट्टा परत आरपार घाला आणि कोरडा ओढून टिपून घ्या. बोल्ट आवळू नका. घसरते म्हणून आवळला की दोन दिवसांनी तेल जिरल्यावर बेल्ट गरजेपेक्षा जास्त घट्ट राहते.

## टप्पा ६: आता बोल्ट, पाव फेरा

इथपर्यंत आल्यावर निम्म्याहून जास्त मशीनला या टप्प्याची गरजच उरत नाही. तरी बघून घ्या.

मागच्या टोकाला डावीकडे आणि उजवीकडे एक-एक बोल्ट असते, बहुतेक ॲलन-कीचा. हे दोन्ही बोल्ट दोन कामं करतात. दोन्ही सारखे फिरवले तर ताण बदलते, एकच फिरवला तर बेल्ट बाजूला सरकते. ही दोन कामं एकाच वेळी करायला गेलात तर हरवलात.

पहिले मधात आणा. मशीन रिकामं ४-५ च्या स्पीडवर सुरू करा आणि मागं उभं राहून, तोंड कन्सोलकडे, बघा. बेल्ट उजवीकडे सरकला असला तर उजवा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. डावीकडे सरकला तर डावा, तसाच पाव फेरा. म्हंजे ज्या बाजूला पळून राहिला ती बाजू घट्ट करायची, तो ढिल्या बाजूकडे परत येतो. मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असलं तर त्याचं ऐका. पाव फेरा दिला की मशीन परत चालू करून दोन मिनिटं काहीच करू नका. बेल्टला सरकायला वेळ लागते, लोकांना तेवढा धीर नसते, ते अजून फेरा देतात आणि बेल्ट दुसऱ्या टोकाला जाऊन घासायला लागते.

इशारा: बोल्ट फिरवताना मशीन बंद ठेवलेलं कधीही चांगलं. चालू मशीनच्या मागच्या रोलरजवळ ओढणी, साडीचा पदर, लुंगी, मोकळे केस, लहान मुलांचे हात, काहीही नको. बेल्ट आणि रोलरच्या मधात बोट गेलं तर चामडी सोलून निघते.

मग ताण. मशीन बंद, प्लग बाहेर. मधोमध बेल्टची कड बोटांनी उचला. साधारण ५ ते ७ सेंटिमीटर उचलला गेला तर ठीक. तबल्यासारखा ताठ असला तर दोन्ही बोल्ट पाव-पाव फेरा ढिले करा. पोतं उचलावं तसा लोंबून आला तर पाव-पाव आवळा.

तपासा: हँडल घट्ट धरून ३ च्या स्पीडवर चालता चालता पाय जरा जोराने रोवून बघा. बेल्ट थांबला आणि पुढचा रोलर फिरतच राहिला तर बेल्ट ढिला आहे. रोलरही थांबला आणि आत मोटर फिरण्याचा आवाज येत राहिला तर तुमचा बेल्ट निर्दोष आहे, आतला ड्राइव्ह बेल्ट घसरून राहिला. हा फरक समजला नाही तर लोक मागचे बोल्ट आवळत बसतात आणि दोष पुढं असते.

## टप्पा ७: कव्हर, प्लग, आणि एक्स्टेंशन बोर्डाची वायर

कव्हर फोटो बघून बसवा. पाच मिनिटं चालून मशीन बंद केल्यावर प्लगला हात लावा. कोमट ठीक, पण गरम लागला तर प्लग किंवा सॉकेट ढिलं आहे. ट्रेडमिलला १६ अँपिअरचा पॉइंट पाहिजे, अर्थिंगसकट, आणि शक्यतो त्याच लाइनवर गीझर-एसी नको. दोन हॉर्सपॉवरची मोटर म्हंजेच जवळपास दीड किलोवॅट झाले. ती पाच अँपिअरच्या बारीक एक्स्टेंशन बोर्डवर चालवणारे लोक आहेत, आणि मग म्हणतात काहून ट्रिप होऊन राहिलं बाप्पा. आधी ट्रिप होत नव्हतं आणि आता एमसीबी वारंवार पडून राहिला तर पहिला संशय कोरड्या बेल्टवर घ्या, मग वायरिंगवर. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ट्रेडमिल लावायची नाही, हे वेगळं सांगायला नको होतं पण सांगावं लागते.

## किती दिवसांनी काय

घाम रोज पुसायचा. मशीनखालची फरशी आठवड्यातून एकदा, फिनाइलचं पोतेरं मशीनच्या पुढच्या भागाखाली न ढकलता. महिन्याला दुपट्टा, बोट लावून तेलाची तपासणी आणि खांबांचे नटबोल्ट. रोज अर्धा तास चालणाऱ्याचे महिन्याला १५ तास होतात, तीन महिन्यांचे ४५, आणि बऱ्याच मशीनला त्याच सुमारास तेल मागायची वेळ येते. घरात तिघं वापरत असतील तर महिना-सव्वा महिन्यातच. म्हणून तारीख नाही, तास मोजा.

कव्हर उघडून पूर्ण सफाई वर्षात दोनदा पुरे, आणि नागपूरसाठी माझे दोन मुहूर्त ठरलेले आहेत. एक होळीच्या आसपास, कूलर बाहेर काढायच्या आधी. दुसरा दिवाळीनंतर, घरातली रंगरंगोटी आणि जाळेजळमटं सगळं झाल्यावर, आधी नाही, नाहीतर पुट्टीची धूळ परत मोटरमध्ये.

उन्हाळ्यात अजून एक. २०१३ च्या मे महिन्यात इथं ४७.९ डिग्री झालं होतं, आणि ४४-४५ तर मे अखेरच्या नऊ दिवसांच्या नवतप्यात नेहमीचं. बंद बाल्कनीत किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली ट्रेडमिल त्या दिवसात दुपारी चालवूच नका, मोटर आधीच तापलेली असते. पहाटे चालवा. आणि कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, आपल्या बोअरच्या खारट पाण्याचे बारीक तुषार रोलरवर बसतात, वाळले की पांढरा थर, आणि खाली गंज.

पावसाळ्यात वीज कडकडत असली की प्लग बाहेर. आणि घरात पाणी शिरलं असलं, जसं २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये तळमजल्यावर शिरलं होतं, तर मशीन वरून वाळलेलं दिसलं तरी प्लग लावून बघायचा मोह आवरा. मोटर जमिनीपासून चार बोटांवर आहे, पाणी तिथं सगळ्यात पहिले पोचते. ते मशीन मेकॅनिकने उघडून, वाळवून, मीटर लावून तपासल्याशिवाय सुरू करायचं नाही. मेकॅनिक आला की त्याला क्लॅम्प मीटर लावून चालताना किती अँपिअर घेते ते मोजायला सांगा, आणि तो आकडा तारखेसकट कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी आकडा वाढलेला दिसला की पहिले दुपट्टा काढायचा.